संपादकीय सोडून

माझ्या नाकावर राग असतो, असं कॉलेजात सगळे म्हणतात. साफ खोटं. राग माझ्या सगळ्या अंगात असतो, नाक तेवढं पुढं आहे म्हणून तिथं आधी दिसतो.

आमच्या संगमनेरच्या कॉलेजचा ‘पाणवठा’ नावाचा वार्षिक अंक निघतो. त्याची मी विद्यार्थी संपादक झाले, तीसुद्धा रागातच. पहिल्या वर्षी मी अंकाला कथा दिली, ती परत आली. दुसऱ्या वर्षी लेख दिला, तोही परत. वर चिठ्ठी, ‘जागेअभावी’. आणि अंक उघडून बघते तर संपादकाच्या स्वतःच्या अकरा कविता! अकरा! त्यातल्या दोन तर एकाच चंद्रावर. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची? अंक घेतला आणि थेट वाकचौरे सरांच्या केबिनमध्ये शिरले. सर मराठी शिकवतात आणि अंकाचे सल्लागार आहेत. मी मनगटावरचं घड्याळ काढून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि सुरू झाले. ही माझी सवयच आहे, हात मोकळा असल्याशिवाय मला नीट भांडता येत नाही. सरांनी चहा संपेपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रुपाली, मग पुढच्या वर्षी तूच हो संपादक.”

मी झाले. आणि पहिल्याच दिवशी नोटीस बोर्डावर नियम लावला, ठळक अक्षरात: ‘संपादक मंडळातील कोणत्याही सदस्याचे कोणतेही लेखन, संपादकीय सोडून, या अंकात घेतले जाणार नाही.’ खाली सही, रुपाली गुंजाळ, विद्यार्थी संपादक.

‘संपादकीय सोडून’ हे दोन शब्द मी का घातले ते उघड आहे. संपादकीय संपादकच लिहिणार. दोन वर्षांत ‘पाणवठ्या’त माझं एक अक्षर छापून आलं नव्हतं, ते आता येणार होतं. पहिल्या पानावर, फोटोसकट. ऑगस्टपासून मी ते लिहीत होते आणि जानेवारीपर्यंत त्याचे नऊ खर्डे झाले होते. नियम कडक होता, पण मी काही वेडी नव्हते.

नियम लागल्यावर मंडळात यायला कुणी राजी होणार नाही, असं मला वाटलं होतं. उलटंच झालं. मंडळाचा ग्रुप फोटो अंकात छापतात ना! लग्नपत्रिकेत खाली ‘कार्यवाहक’ म्हणून अख्खी भावकी घालतात, तशी माणसं आली. कविता विभाग प्रमुख, कथा विभाग प्रमुख, मुखपृष्ठ प्रमुख, संपर्क प्रमुख, शुभेच्छा प्रमुख. शुभेच्छा प्रमुखाचं काम काय, हे त्या मुलालाही माहीत नव्हतं आणि मलाही. सहसंपादक झाला हर्षल. तो माझ्या वर्गातला, बोलायला गोड आणि मला न घाबरणारा एकमेव माणूस.

सगळी पदं गेली आणि एकच उरलं, मुद्रितशोधन. म्हणजे प्रुफं तपासायची. छापखान्यातून कच्ची पानं येतात, ती अक्षर न् अक्षर वाचायची, चुका लाल पेनानं समासात काढायच्या, परत पाठवायची, परत वाचायची. डोळे जातात, मान दुखते आणि नाव होत नाही. डिसेंबरात विभागांच्या अहवालांची प्रुफं येऊन पडली आणि घ्यायला कुणी नाही. सगळे प्रमुख छताकडं बघायला लागले. तेव्हा सरांनीच एक मुलगी आणून उभी केली. “ही चांगुणा. दुसऱ्या वर्षाला आहे. हिचं वाचन चांगलं आहे.”

चांगुणा पाथर्डीकडची, होस्टेलला राहणारी. नाव पणजीचं ठेवलेलं. आई-वडील आणि भाऊ ऊसतोडीला जातात, त्यामुळं दिवाळी झाली की गावी हिचं कुणी नसतंच. बुटकी, दोन वेण्या, आणि कुठलीही गोष्ट सांगितली की उत्तर एकच, “बरं ताई.” तिच्यासारखं काम मंडळात कुणी केलं नाही. मीसुद्धा. भूगोल विभागाच्या अहवालात कळसूबाईची उंची चुकली होती, ती तिनं पकडली. आणि एकदा पानं यायला दोन दिवस उशीर झाला, तर मी चारचौघांत तिलाच झापलं. “मला कारणं नकोत, काम दाखव!” हे माझं ठरलेलं वाक्य. उशीर छापखान्याकडून झाला होता हे मला नंतर कळलं. मी माफी मागायला हवी होती. राहून गेली.

जानेवारीत लायब्ररीत कथा निवडायची बैठक झाली. पद्धत मीच घालून दिली होती. कथा-कविता टाइप करून, नाव न घालता लायब्ररीतल्या पेटीत टाकायच्या, सोबत नावाचं बंद पाकीट. पेटी नोव्हेंबरअखेर बंद झाली. सरांनी प्रत्येक कागदावर आणि पाकिटावर नंबर टाकले आणि पाकिटं आपल्या कपाटात कुलपात ठेवली. म्हणजे वशिला नाही, ओळख नाही, काही नाही.

अठरा कथा वाचल्या. त्यातल्या सात नायिका शेवटी रेल्वेखाली गेल्या, आणि संगमनेरात तर रेल्वेच नाही! माझं डोकं उठलं होतं. एकोणिसावी हातात आली. नाव ‘मुकादमीण’. दोन ओळी वाचल्या आणि म्हटलं, थांबा, ही मी मोठ्यानं वाचते. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि सुरुवात केली.

ऊसतोडीच्या टोळीवर मुकादम असतो, इथं मुकादमीण होती, गजराबाई. टोळीतल्या वीस-बावीस माणसांना दिवसभर धारेवर धरणारी. ‘गजराबाई ओरडायला लागली की बैलसुद्धा आपलंच काही चुकलं समजून पाय उचलायचे.’ मी खो खो हसले. पुढं होतं, ‘बोलण्याआधी ती घड्याळ काढून मोळीवर ठेवायची. घड्याळ खाली आलं की गडी कोयते टेकवायचे, म्हणायचे, बसा रे, आता अर्धा तास तरी आराम.’ माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. “अरे, ही बाई मी बघितलीय!” मी म्हणाले. “आमची घारगावची आत्या! तंतोतंत!”

कुणी हसेना. कविता प्रमुखाला खोकला आला. हर्षल पंख्याकडं बघत होता आणि पंखा बंद होता. सर चष्मा पुसत होते, तो बराच वेळ स्वच्छ होईना. कोपऱ्यात चांगुणा प्रुफांवर इतकी वाकली होती की तिच्या वेण्या कागदावर टेकल्या होत्या. मला वाटलं, काय ही माणसं, यांना विनोद कळत नाही.

“ही कथा पहिली घ्यायची,” मी जाहीर केलं. “कुणाची हरकत?”

हरकत कशी असेल! सगळ्यांनी हात वर केले. शुभेच्छा प्रमुखानं तर दोन्ही.

सरांनी कपाटातून एकोणीस नंबरचं पाकीट आणलं, फोडलं, वाचलं आणि माझ्याकडं दिलं. आत लिहिलं होतं, चांगुणा, द्वितीय वर्ष कला.

चांगुणा उभी राहिली. “ताई, मी पेटीत टाकली तवा मंडळात नव्हते,” ती म्हणाली. “पेटी बंद झाल्यावर सरांनी मला आणलं.”

खरं होतं. पण नियमही खरा होता. त्याच नियमावर बोट ठेवून मी बारा जणांना वाटेला लावलं होतं. हर्षलच्या तीन कविता, कथा प्रमुखाचा लेख, अगदी मंडळातल्या माझ्या मैत्रिणीचं प्रवासवर्णन. मला मनापासून वाईट वाटलं. मी तिला म्हणाले, “थांब गं. उद्यापर्यंत काहीतरी वाट काढू.”

वाट काढण्यासाठी मी हर्षलला घेऊन गेटसमोरच्या टपरीवर गेले. चहा आला. मी म्हणाले, “इतकी चांगली कथा, हर्षल. सोडवत नाही रे.”

हर्षलनं कप खाली ठेवला. “रुपाली, तू खरंच ओळखलं नाहीस?”

“काय?”

“अगं, ती गजराबाई म्हणजे तू.”

मी हसले. तो हसला नाही. मी मनगटाकडं बघितलं. घड्याळ नव्हतं. ते लायब्ररीतल्या टेबलावर राहिलं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या टपरीवर समजलं. घरी जाऊन कथा परत वाचली. ‘कारणं नकोत, मोळ्या दाखवा!’ माझं वाक्य! ‘मी काय इथं बाहुली म्हणून उभी आहे?’ माझं वाक्य! मी आत्या-आत्या करत अख्ख्या मंडळासमोर स्वतःचेच वाभाडे मोठ्यानं वाचून दाखवले, वर पहिला नंबरही दिला. आणि त्या सगळ्यांना माहीत होतं! आणि ती बुटकी, दोन वेण्यांची, ‘बरं ताई’वाली! हिनं गुपचूप बसून माझं एकेक वाक्य टिपून ठेवलं होतं!

आता खरं सांगते, कारण खोटं सांगायला मला जमत नाही. त्याच क्षणी मला नियमाचं बरं वाटलं. कथा काढून टाकायला मला एक शब्द वाकडा बोलायची गरज नव्हती. नोटीस बोर्डाकडं बोट दाखवलं की काम झालं. उलट लोक म्हणाले असते, बघा, आवडलेली कथासुद्धा काढली, काय तत्त्वाची मुलगी!

दुसऱ्या दिवशी लायब्ररीत चांगुणा आधीच प्रुफं घेऊन बसली होती. माझं घड्याळ तिनं रुमालात गुंडाळून ठेवलं होतं, ते पुढं केलं. मी ते हातात घालत म्हणाले, “वाट काही निघत नाही. नियम आहे.”

“बरं ताई.”

“माझ्यावर लिहिलीस ना ती?”

तिनं मान खाली घातली. “सुरुवात तुमच्यावरच केली. मी पहिल्या वर्षाला असताना वक्तृत्वाच्या स्पर्धेत तुमी घड्याळ काढून त्या परीक्षकाला बोलला हुता ना, तवापासून मनात हुतं. पुढं पुढं मग तुमी राहिल्या न्हाई त्यात. ती गजराबाईच झाली.”

“आणि माझ्याच अंकाच्या पेटीत टाकलीस?”

“आईला सांगितलं हुतं, छापून येईल म्हणून.” ती पेनाचं टोपण लावत-काढत होती. “आमची टोळी आता कारखान्याच्या तळावर हाय. भाऊ सगळ्यांना बसवून वाचून दाखवणार हाय. वहीतलं वाचलं तर म्हणतेत, पोरगी काय बी लिहिती. छापलेलं असलं की ऐकतेत.” मग लगेच म्हणाली, “जाऊ द्या ताई. पुढच्या वर्षी बघू.”

आणि पान उलटून पुढची चूक शोधायला लागली. ती भांडली असती तर मी जिंकले असते. ती भांडलीच नाही, आणि मला दिवसभर कशातच गोडी वाटेना.

दोन दिवसांनी मी आमच्या छापखान्यात गेले. तिथं कॉम्प्युटरवर पानं लावतात ते वाल्मिकदादा. पहिल्या तीन पानांवर माझं संपादकीय लावून झालं होतं, वर माझा हसरा फोटो. “वाचून घ्या, म्हणजे पुढं सरकतो,” दादा म्हणाले आणि जेवायला गेले.

मी वाचलं. ‘साहित्य म्हणजे समाजमनाचा आरसा.’ पुढं वाचलं. ‘आजच्या धावपळीच्या युगात.’ नऊ खर्डे! नऊ खर्डे करून मी जे लिहिलं होतं ते आमच्या प्राचार्यांनी झोपेत लिहिलं असतं. इतरांच्या कथेत असं वाक्य आलं असतं तर मी घड्याळ काढलं असतं.

पिशवीत ‘मुकादमीण’ होती. का ठेवली होती कुणास ठाऊक. शेवटचं पान काढलं. बैठकीत हसण्याच्या नादात आणि घरी रागाच्या भरात ते माझं भर्रकन वाचून झालं होतं. संध्याकाळ झालीय, चुली पेटल्यात, टोळी दमून गप्प आहे. ‘सगळीकडं शांत झालं की गजराबाईला करमायचं नाही. ती उगाच एखाद्या पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी जाऊन आत एक शिवी हासडायची. आतून कुणी ओ दिली की तिला बरं वाटायचं. मग ती जेवायची.’

आमच्या घरात बारा माणसं आहेत आणि मी सगळ्यांत धाकटी. ओरडल्याशिवाय तिथं भाकरीसुद्धा पुढं येत नाही, हे मी कुणालाही कधी सांगितलेलं नव्हतं. वाल्मिकदादांच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मला रडू आलं. आणि रडता रडता रागही आला, की इतकं नेमकं लिहिणाऱ्या पोरीला मी नियम दाखवला. नियम चांगलाच होता हो. कोत्या मनानं वापरला तो मी.

मोडायचा तरी कसा? हिची कथा घेतली तर उद्या बारा जण दारात उभे. त्यांचं चुकलं नसतं. हिला मंडळातून काढावं? राबली सगळ्यांत जास्त ती, आणि फोटोतून तिलाच हाकलायचं? मी ते नोटिशीतलं वाक्य मनातल्या मनात पंचवीस वेळा म्हटलं. ‘संपादकीय सोडून.’ संपादकीय कुणी लिहायचं, हे मी कुठं लिहिलं होतं? नव्हतंच लिहिलं. इतकी खात्री होती मला माझी!

वाल्मिकदादा हात पुसत आले. मी म्हणाले, “दादा, ही पानं काढा.”

“कोणती?”

“पहिली तीन.”

“अहो, तुमचंच आहे ते.”

“म्हणूनच सांगतेय. ही कथा तिथं बसते का बघा.”

त्यांनी मजकूर मोजला. “तीन पानांत बसतंय. पण फोटोला जागा राहत नाही.”

त्या फोटोसाठी मी नवा ड्रेस शिवला होता. तो एकदा नीट बघून घेतला. “काढा फोटो,” मी म्हणाले. “वर ‘संपादकीय’ तसंच राहू द्या. खाली नाव चांगुणाचं.”

हर्षल ऐकून उडालाच. “संपादकीयात कथा? असं कुठं असतं का?”

“नियमात बसतं. ती मंडळात आहे, आणि हे संपादकीय आहे. तुला शंका असेल तर नोटीस वाच.”

“लोक तुला हसतील, रुपाली. सगळ्यांना कळेल गजराबाई कोण ते.”

“तुम्ही आधीच हसून घेतलंय. आता बाकीचे हसू देत.”

वाकचौरे सरांनी नोटीस नीट वाचली, दोनदा वाचली, आणि सही केली. “तुझं संपादकीय मात्र गेलं की,” ते म्हणाले.

“चांगलं नव्हतं, सर.”

“ते मी म्हणणारच होतो,” सर म्हणाले. “पण तू घड्याळ काढलं असतंस.”

चांगुणाला मी काहीच सांगितलं नाही. पहिल्या पानांचं प्रुफ तिच्या पुढ्यात नेऊन टाकलं आणि दरडावून म्हणाले, “हे आजच्या आज बघून दे.” तिनं लाल पेन उघडलं, वर ‘संपादकीय’ वाचलं, खाली पहिली ओळ वाचली, आणि पेन तसंच हातात राहिलं. “ताई, तुमचं?” ती म्हणाली.

“माझं राहिलं. जागेअभावी.” मग जे कधी जमलं नव्हतं ते एका दमात उरकलं. “आणि त्या दिवशी पानांना उशीर तुझ्यामुळं झाला नव्हता. मी उगाच बोलले. चुकलं माझं.”

“बरं ताई,” ती म्हणाली, आणि वेण्यांच्या मागं तोंड लपवून रडायला लागली.

फेब्रुवारीच्या शेवटी अंक आला. चांगुणानं पहिला अंक तळाकडं धाडला, जाणाऱ्या गाडीवाल्याच्या हाती. रविवारी दुपारी आम्ही दोघी होस्टेलच्या कट्ट्यावर बसलो होतो, तेव्हा तिच्या भावाचा फोन आला. तिनं स्पीकर लावला. भाऊ वाचत होता, अडखळत, मोठ्यानं, आणि मागं माणसं हसत होती. बैलांच्या वाक्याला बाया इतक्या हसल्या की त्याला थांबावं लागलं. घड्याळाच्या वाक्याला कुणीतरी ओरडलं, “आपल्या मुकादमाला पन एक घड्याळ घ्या रं!” शेवटच्या ओळींना मात्र सगळं शांत झालं. मी फोनजवळ सरकले.

मग एका बाईचा आवाज आला. चांगुणाची आई. “चांगुने, ही बाई खरी हाय का गं?”

चांगुणानं घाबरून माझ्याकडं बघितलं. मी फोन घेतला. “खरी हाय, मावशी. मीच ती.”

मला वाटलं, आता हसतील. मी तयारीतच होते.

“व्हय का?” मावशी म्हणाल्या. “मंग पोरी, जेवलीस का?”

चांगुणा शेजारून म्हणाली, “न्हाई गं आई, अजून न्हाई जेवल्या.”

“मंग घेऊन जा की तिला तुझ्यासंगं जेवाया,” मावशी ओरडल्या. “काय बघत बसली!”